गोळीचं मापटं

परवा सकाळी शेजारच्या आक्का आमच्या ओसरीवर येऊन टेकल्या. एका हातात सुपारीचा अडकित्ता, दुसऱ्या हातात औषधाच्या गोळ्यांची पट्टी. म्हणाल्या, "का रं, तू गोळ्यांच्या कारखान्यात हुतास न्हवं? मग एवढी गोळी फोडून दे. घशाखाली उतरत न्हाई आन्‌ माझ्यानं नीट फुटत न्हाई. काल अर्धी उडाली ती चुलीपाशी पडली, कोंबडीनं गिळली."

मला हसू आलं. पण पट्टी हातात घेतली आणि हसू गेलं. साखरेच्या आजारावरची लांबट, मोठी गोळी होती, आणि नावापुढं 'एस. आर.' अशी अक्षरं होती. ही गोळी पोटात गेल्यावर सावकाश, तासन्‌तास थोडं थोडं औषध सोडत राहावी अशा बेतानं केलेली असते. ती फोडली, कुटली, की तो बेतच मोडतो. मी म्हटलं, "आक्का, ही फोडायची नसते. हिला रेघ कुठं आहे?"

"रेघ कसली?"

"मधोमध चीर असते ती."

आक्कांनी गोळी उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "मग तू तिथं काय करत हुतास? चिरा पाडत हुतास का?"

म्हटलं, "तसंच म्हणा. मी गोळ्या करत नव्हतो. गोळीचं मापटं करत होतो."

वाचकहो, आक्कांना मग तासभर जे सांगितलं तेच आज तुम्हांला सांगतो आहे. कारण गोळी घरोघरी आहे. म्हाताऱ्यांच्या उशाशी आहे, बाळंतिणीच्या फडताळात आहे, गोठ्यात जनावरांसाठी मोठी बोलस आहे. पण ती होते कशी, हे पाहिलेला माणूस गावात क्वचित सापडेल.

आमचं घर लोहाराचं. वेशीजवळ वडिलांचा भाता होता. गावचे फाळ पाजवायचे, विळे-खुरपी करायची, गाडीच्या चाकांना धावा बसवायच्या, आणि सुगीत बलुतं आणायचं. मी आयटीआय करून १९७७ साली मुंबईजवळच्या एका औषधाच्या कारखान्यात लागलो. कारखान्याचं नाव सांगत नाही. का सांगत नाही ते पुढं कळेलच. तिथं यंत्रांची हत्यारं घडवायची आणि दुरुस्त करायची एक खोली होती, तिला टूलरूम म्हणत. त्या खोलीत माझी छत्तीस वर्षं गेली. वडील गावात सांगायचे, "पोरगं शिकून मुंबैत ग्येलं आन्‌ पुन्हा लोहारच झालं." त्यात तक्रार नसे, थोडा अभिमानच असे.

आता एखादी साधी, पांढरी, गोल गोळी हातात घ्या. तापाची असेल तरी चालेल. तिची कड पाहा. कड सरळ उभी आहे, आणि वरचं नि खालचं अंग किंचित फुगीर आहे. ही उभी कड ज्यात घडली ते पोलादी कडं. त्याला कारखान्यात डाय म्हणतात. वरचं अंग दाबलं ते वरच्या पंचानं, खालचं अंग खालच्या पंचानं. पंच म्हणजे वीतभराहून थोडा लहान, अंगठ्यासारखा जाड पोलादी दांडा, टोकाला गोळीएवढा बारीक केलेला. टोकावर उथळ वाटी कोरलेली असते, म्हणून गोळी फुगीर येते. गोळीवर चीर दिसते ती सुरीनं पाडलेली नसते. पंचाच्या वाटीत एक बारीक उंचवटा ठेवलेला असतो, त्याचा तो ठसा. अक्षरं असतील तर ती पंचावर उलटी कोरावी लागतात, ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर असतात तशी.

उखळ-मुसळ म्हणा हवं तर. फरक एवढाच की इथं उखळाला तळ नाही. डाय आरपार पोकळ असते. तिच्यात खालून जो पंच शिरलेला असतो तोच तिचा तळ. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढची सगळी कथा या तळाचीच आहे.

आमच्या वेळचं यंत्र सोळा जोड्यांचं होतं. एक गोल, जाड थाळा, त्यात सोळा डाय बसवलेल्या, प्रत्येकीला वरून एक नि खालून एक पंच. थाळा गरागरा फिरायचा, गुऱ्हाळावर बैल चरकाभोवती फिरत तसा. वर एक चाडं. पाभरीच्या चाड्यातून बी नळ्यांत उतरतं तसं त्यातून औषध उतरायचं. थाळा फिरता फिरता एकेक डाय चाड्याखाली यायची, भरायची, आणि पुढं गेली की एक पट्टी तिच्यावरून फिरून जास्तीचं औषध काठोकाठ निपटून टाकायची. मग वरचा पंच खाली उतरायचा, दोन्ही पंच दोन मोठ्या लोखंडी चाकांच्या मधून जायचे आणि औषध दाबलं जायचं. लगेच वरचा पंच उचलला जाई, खालचा वर सरकून गोळी बाहेर ढकली, आणि एक अडसर तिला बाजूच्या घसरगुंडीवर लोटी. हे सगळं दोन-अडीच सेकंदांत! मिनिटाला पंचवीस फेरे म्हणजे चारशे गोळ्या, तासाला चोवीस हजार. आता तासाला काही लाख गोळ्या पाडणारी यंत्रं आहेत, पण रीत हीच.

पाहिलंत का, या सगळ्यात तराजू कुठंच नाही. एवढ्या वेगात कोण तोलणार? गोळीत औषध किती जायचं ते मापानं ठरतं, तोलानं नाही. तुमच्या घरात धान्याचं जुनं मापटं असेल, शेर असेल, अधोली असेल. मापटं भरायचं आणि वरून हात फिरवून सपाट करायचं, शीग ठेवायची नाही, की झालं एक माप. डाय म्हणजे तसंच एक मापटं. आणि खालचा पंच म्हणजे त्या मापट्याचा हलता तळ. तळ खाली घेतला की औषध जास्त बसतं, वर केला की कमी बसतं. यंत्रावर बसलेला माणूस अधूनमधून वीस गोळ्या काढून तोलतो आणि एक चाक फिरवून सोळाही मापट्यांचे तळ एकदम खाली-वर करतो.

एकदम. ही मेख आहे. सोळाही पंच एका लांबीचे असतील तरच सोळाही मापटी सारखी. एखादा जरी आखूड असला, तर त्याच्या मापट्याचा तळ बाकीच्यांपेक्षा खोल. बाजारात खोट्या तळाचं माप ठेवणारा व्यापारी तुम्ही पाहिला असेल, निदान ऐकला असेल. त्यानं ते मुद्दाम केलेलं असतं. इथं नुसत्या गाफीलपणानं होतं.

ही दाबून गोळी करायची युक्ती इंग्लंडातल्या विल्यम ब्रॉकेडन नावाच्या माणसानं काढली. त्याआधी तिकडंही गोळ्या आपल्या वैद्यबुवांसारख्या हातानंच वळत. ब्रॉकेडन घड्याळजीचा मुलगा आणि धंद्यानं चित्रकार. आल्प्स पर्वतातल्या घाटांची चित्रं काढून त्यानं नाव मिळवलं होतं. चित्रकाराला चांगली पेन्सिल लागते, आणि त्या पेन्सिलीसाठी लागणारं चांगलं शिसं, म्हणजे ग्रॅफाइट, इंग्लंडच्या खाणीत संपत आलं होतं. खाणीच्या चुऱ्यापासून अखंड वडी करता येईल का, म्हणून त्यानं तो साच्यात घालून दाबला. जमलं. मग औषधाची पूडही तशीच दाबली, आणि १८४३ साली गोळ्या, वड्या आणि पेन्सिलीचं शिसं साच्यात दाबून घडवण्याचं पेटंट घेतलं. शाळेतल्या पोराची पेन्सिल आणि आजीची गोळी अशी एकाच साच्यातून निघाली. मला ही हकिकत फार आवडते, म्हणून सांगितली.

आता पोलादाविषयी. एवढ्याशा गोळीवर यंत्र दोन-तीन टनांचा दाब टाकतं. दोन-तीन भरलेल्या बैलगाड्यांचं ओझं बोटाच्या पेरावर, आणि तेही मिनिटाला पंचवीस वेळा, एकेका पंचावर. मऊ लोखंड असेल तर टोक बसेल, फार कडक असेल तर टवका उडेल. म्हणून त्याला पाणी द्यावं लागतं. फाळ पाजवल्यावर वडील तो लाल करून पाण्यात बुडवत, वर काढत, आणि त्याच्यावर रंग कसा धावतो ते बघत बसत. आधी गव्हाळ पिवळा, मग जांभळा, मग निळा. कुठल्या रंगावर थांबायचं ते कामावर ठरायचं. कारखान्यात पाण्याऐवजी तेल होतं, भट्टीला तापमापक होतं, कडकपणा मोजायला यंत्र होतं. पण पहिल्या दिवशी मिस्त्रींनी भट्टी उघडून दाखवली तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं.

पंच सांभाळणं हे बाळ सांभाळण्यासारखं. टोकाची कड कागदासारखी पातळ असते. पंचाला पंच लागला, लोखंडी टेबलावर टोक आपटलं, की कडेला खोक पडते. वापरून वापरून ती कड आत वळते, विंचवाच्या नांगीसारखी. मग पंच वर उठताना गोळीची टोपी घेऊनच उठतो. कधी गोळीचं वरचं अंग पापुद्र्यासारखं निघालेलं तुम्ही पाहिलं असेल, त्याचं एक कारण हे. डायसुद्धा आतून झिजते. जिथं दाब बसतो तिथं तिच्या पोटात एक वळं पडतं. मग आम्ही ती उलटी करून बसवायचो, की दुसऱ्या अंगावर आणखी काही महिने चालायची. जात्याला टाकी लावावी तसंच हे. काम संपलं की सगळा संच पुसून, तेल लावून, एकेक पंच लाकडी खाचेत निजवून ठेवायचा.

पावसाळ्यात फार त्रास. गूळ पाघळतो तसं औषध दमट होतं आणि पंचाला चिकटतं, अक्षरांच्या खाचा भरून जातात. नुसती पूड तर चाड्यातून उतरतही नाही. पीठ चाड्यात घातलं तर अडून बसेल, ज्वारी घातली तर सरसर उतरेल, तसंच हे. म्हणून औषधाची पूड खळीत मळून, चाळणीतून काढून, वाळवून तिचा रवा करतात. ही खळ बहुधा मक्याच्या स्टार्चची असते. तुम्ही मका पिकवता, त्यातला थोडा असा गोळीत जातो. आणि तोच कोरडा स्टार्च गोळी पोटात गेल्यावर पाणी पिऊन फुगतो आणि तिला फोडतो. पंचाला चिकटू नये म्हणून शेवटी शंखजिरं किंवा मॅग्नेशियम स्टिअरेट नावाची गुळगुळीत पूड चिमूट-चिमूट मिसळतात.

आता मूळ गोष्ट सांगतो. सांगायला जड जातं, पण आक्कांना सांगितली तेव्हा तुम्हांला लपवण्यात अर्थ नाही.

१९८३ सालच्या उन्हाळ्यात आमच्याकडं क्षयाच्या गोळ्यांचं मोठं काम आलं. आयसोनियाझिडच्या गोळ्या, हजार-हजारांच्या डब्यांत भरून सरकारी दवाखान्यांना जायच्या. संच धुताना कोणाच्या तरी हातून एक खालचा पंच पडला आणि त्याच्या कडेला खोक पडली. नवा पंच मागवला तर यायला दिवस लागले असते. मी मिस्त्रींना म्हटलं, मी नीट करतो. आणि केला. टोक घासून खोक काढली, वाटी पुन्हा कोरली, लोकरी फिरकीवर अशी चकाकी आणली की नव्या पंचाशेजारी ठेवला तर ओळखू येईना. लोहाराचं पोर ना! फार खूश झालो स्वतःवर.

नियम असा होता, आणि आहे, की पंचाला कुठलीही दुरुस्ती केली की त्याची कामाची लांबी मोजायची आणि बाकीच्या पंचांशी ताडून पाहायची. केसाच्या जाडीएवढा फरकही चालत नाही. एक घासला तर सगळेच तेवढे घासायचे, नाहीतर तो एक बाद करायचा. त्या दिवशी पाळी संपत आली होती, लोकल गाठायची होती, आणि यंत्र खोळंबलं होतं. मी डोळ्यानं पाहिला, हातानं चाचपला आणि देऊन टाकला.

दीड-दोन महिने यंत्र चाललं. गोळ्या तपासणीतून पास होत होत्या. वजनाचा नियम असा की गोळी २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जड असेल, तर वीस गोळ्या एकेक तोलून पाहायच्या. सरासरीपासून शेकडा ५ पेक्षा जास्त ढळलेल्या दोनांहून अधिक असू नयेत, आणि शेकडा १० पेक्षा जास्त ढळलेली एकही असू नये. आमच्या गोळ्यांत एखादी शेकडा ३ नं जड निघायची. नियमात बसत होती.

एक दिवस डबा खाताना पॅकिंगमधल्या एक काकू माझ्याशेजारी बसल्या. आमच्याच भागातल्या होत्या, कधीमधी गावाकडच्या गोष्टी निघायच्या. म्हणाल्या, "भाऊ, ह्या पांढऱ्या गोळ्यांच्या पिपात तळाला लई पीठ निघतंय. मी शंभर गोळ्या घेऊन अंगठ्यानं दाबून बघितल्या. सहा भुगा झाल्या. दुसऱ्या शंभरांत सहा, तिसऱ्यात सात. शेंगा निवडाव्यात तशा निघतायत."

मी नुसतं हूं म्हटलं. घास तोंडात होता. आणि मग शंभराला सोळानं भागलं. सहा आणि वर थोडं.

भाकरी तशीच ठेवून उठलो. यंत्र थांबवायला लावलं, सोळाही खालचे पंच काढून घेतले, मोजणीच्या घड्याळाखाली एकेक उभा केला. पंधरा पंचांचा काटा एका जागी. नऊ नंबरचा पंच पाव मिलिमीटरनं आखूड. तीन-चार केसांची जाडी. तो मीच चकचकीत केला होता.

काय झालं होतं ते सांगतो. तळ खोल, म्हणून औषध जरा जास्त बसत होतं. पण दाबताना खालचा पंच तेवढाच कमी वर येत होता, म्हणून दाब पुरेसा बसत नव्हता. गोळी जड, पण भुसभुशीत. वजनात दोष दिसेना, आणि डब्यात हिंदकळली की कडा झडून पीठ व्हायचं. औषध डब्याच्या तळाला, आणि रोग्याच्या पुडीत झडकी गोळी.

मी मिस्त्रींना सांगितलं. ते माझ्याकडं बघत राहिले, मग स्वतः पुढं झाले आणि साहेबांकडं घेऊन गेले. हातात असलेली खेप थांबवली, ती बाद झाली. मला मेमो मिळाला, एक वर्षाची पगारवाढ गेली. त्याचं काही नाही. पण त्याआधीच्या दोन खेपा कारखान्यातून बाहेर पडल्या होत्या. साहेबांनी राखून ठेवलेले नमुने काढले, वीस गोळ्या तोलल्या, गोल पिंपात घालून फिरवून पाहिल्या. सगळं नियमात. म्हणाले, कागदावर दोष नाही, विषय बंद. दवाखान्यांना पत्र गेलं नाही. मीही गप्प राहिलो. बायको दिवसांत होती, नोकरी नवीनच म्हणायची, ही कारणं तेव्हा मला पुरेशी वाटली.

बेंदराला रजा काढून गावी आलो. वडिलांना सगळं सांगितलं. मी म्हटलं, "तसं औषध कमी नव्हतं, थोडं जास्तच जात होतं." वडील विडी विझवून म्हणाले, "माप मोठं झालं तरी त्ये खोटंच की रं." एवढंच. आणि पुन्हा भात्याला हात घातला.

दुसऱ्या दिवशी मामांना बघायला शेजारच्या गावी गेलो. मामांना त्याच साली क्षय निघाला होता. परसात बाज टाकून पडलेले, हाडांचा सापळा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून महिन्याच्या गोळ्या मिळायच्या. मामींनी कोनाड्यातून कागदाची पुडी आणून दाखवली. पांढरी, गोल गोळी, मधोमध चीर. पुडीच्या घडीत पांढरं पीठ.

मी बाजेच्या कडेला बसलो आणि अंगठ्यानं एकेक गोळी दाबू लागलो. मामा म्हणाले, "काय करतूस?" मी म्हटलं, "बघतोय." तीस गोळ्या होत्या. दोन भुगा झाल्या.

दोन म्हणजे पुरावा नव्हे. तशा गोळ्या देशात किती तरी कारखाने काढत होते, सगळ्यांचा आकार तोच. खेप नंबर डब्यावर असतो, पुडीवर नसतो. मी सायकल घेऊन आरोग्य केंद्रावर गेलो. कंपाउंडर भला माणूस होता. म्हणाला, तो डबा मागंच संपला. रिकामा डबा कापूस ठेवायला घेतला होता, धुऊन, चिठ्ठी काढून. मी तो हातात घेऊन पाहिला. पत्र्याचा डबा, दुसऱ्या कुठल्याही डब्यासारखा. त्याला मी कोण, कुठला, का विचारतो, हे काही सांगितलं नाही.

मामींना म्हटलं, पुडीतलं पीठ झटकून टाकू नका, वेगळं बांधून ठेवा आणि नवीन गोळ्या मागून घ्या. मामांना दीड वर्ष गोळ्या घ्याव्या लागल्या. ते बरे झाले, पुढं पंधरा वर्षं जगले, माझ्या मुलीच्या बारशाला आले तेव्हा दोन लाडू जास्त खाल्ले. पण त्या डब्यात हजार गोळ्या होत्या, आणि डबे किती होते ते मला माहीत आहे.

त्यानंतर तीस वर्षं मी एकही पंच मोजल्याशिवाय दिला नाही, हे खरं. पण ते त्या दोन खेपांना लागू नाही. पुढं माझ्या हाताखाली पोरं आली, त्यांना मी नऊ नंबरचा पंच दाखवायचो. मिस्त्रींनी तो भंगारात न टाकता मला दिला होता. पोरं म्हणायची, "किती चकाचक आहे हो!" मग मी तो घड्याळाखाली उभा करायचो.

आता पुष्कळ सुधारणा झाली आहे. मोठ्या यंत्रांत प्रत्येक पंचावर किती दाब आला ते यंत्रच मोजतं आणि बिघडलेली तेवढी एक गोळी वाऱ्याच्या फुंकरीनं बाजूला उडवतं. पंचांच्या नोंदी संगणकात असतात. तरी घासणारा हात माणसाचाच आहे.

तुम्हांला घरी करता येईल ते एवढंच. गोळीवर चीर असेल तर ती बहुधा अर्धी करता यावी म्हणून ठेवलेली असते. ती हातानं, चिरेवर अंगठे ठेवून मोडावी, आणि डॉक्टरांनी अर्धी सांगितली असेल तरच. चीर नसलेली गोळी, चकचकीत आवरणाची गोळी, आणि जिच्या नावापुढं एस. आर., ई. आर. असं काही लिहिलेलं असेल ती गोळी विचारल्याशिवाय मोडू नये, चावू नये, खलात घालू नये. काही आवरणं अशी असतात की गोळी जठरात न फुटता पुढं आतड्यात फुटावी. ती फोडली तर औषध वाया तरी जातं किंवा पोटाला झोंबतं. वासराला बोलस देतानाही तेच. मधली रेघ असेल तर तिथंच मोडा, आणि वजनाप्रमाणं किती द्यायची ते पशुवैद्याला विचारा. पट्टीतून गोळी काढली की भुगा होत असेल, टोपी निघत असेल, तर ती गिळून विषय संपवू नका. पट्टी तशीच दुकानात न्या. खेप नंबर पट्टीच्या ज्या टोकाला छापलेला असतो ते टोक फाडून टाकू नका, गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढत या. कोणी पुडीत सुट्ट्या गोळ्या दिल्या, तर डब्यावरचा नंबर पुडीवर लिहून मागा. लोक हसतील. मला तो नंबर मिळाला असता तर बरं झालं असतं.

आक्कांना त्याच दिवशी मी मोटारसायकलवरून तालुक्याच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी ती लांबट गोळी बदलून साधी, लहान गोळी दिवसातून दोनदा घ्यायला लिहून दिली. आक्का म्हणाल्या, "हे आधी सांगितलं असतं तर माझी कोंबडी कशाला साखरेचं औषध खाती?" डॉक्टर हसायला लागले. कोंबडीला काही झालं नाही. परवा अंडं दिलं तिनं.